खंडेनवमीचा हार

मालकांनी शिलाईयंत्राला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि तेच ताट घेऊन ते रेणुकासमोर उभे राहिले.

"मालक, मी बाई आहे," ती म्हणाली.

"सरकारदरबारी नाहीस. पूजा सगळ्याच यंत्रांची करायची असते."

माणसाच्या पगारावर जबर कर आणि यंत्राला पूर्ण सूट, असा कायदा आला, त्याच वर्षी सोलापूरच्या या टॉवेल कारखान्यातल्या सगळ्या बायकांची नोंद यंत्र म्हणून झाली. जिने नकार दिला, ती घरी बसली. यंत्र वर्षागणिक झिजतं, म्हणून आता दरसाल घसारा धरून त्यांची मजुरी कापली जायची. हात मात्र पूर्वीपेक्षा दुपटीने चालवावे लागत. गेल्या महिन्यात शोभा भोवळ येऊन पडली, तर मालकांनी डॉक्टरऐवजी फिटर बोलावला. त्या बिचाऱ्याने तिला पाणी पाजलं आणि मान खाली घालून निघून गेला.

मालकांनी रेणुकाला कुंकू लावून हार घातला.

"चला, आता टॉवेलच्या घड्या घाला," मालक सगळ्या बायकांना म्हणाले. "संध्याकाळी ट्रक भरायचा आहे."

रेणुकाने खाली बसकण मारली. "पुजलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत चालवत नाहीत, मालक. तुमच्या वडिलांपासूनची रीत आहे."

मालक काही बोलायच्या आत, हार घालायच्या राहिलेल्या सगळ्या बायका आपणहून रांगेत आल्या आणि त्यांनी माना पुढे केल्या.