शेवटचा तुकडा

“हे पंजाबचं.” हर्षलनं मोबाईल थांबवून वहीत लिहिलं. “ढोल चेन्नईचे. ही छाती ठोकून बोलायची ढब मुंबईची.” धम्मदीपचं रॅप तो सकाळपासून सतराव्यांदा ऐकत होता. आवडलं म्हणून नव्हे. जळत होता म्हणून.

जळणारच ना! मेहकरात रॅप आणलं कोणी? हर्षलनं. धम्मदीपला माईक धरायला शिकवलं कोणी? हर्षलनंच. आणि खामगावच्या स्पर्धेचं बोलावणं कोणाला? धम्मदीपला!

मेहकरातून एकालाच घेणार होते. सगळं गाणं चोरीचं आहे असं आयोजकांना कळवलं, तर ती जागा हर्षलचीच होती. पण पंजाब, चेन्नई, मुंबई यांची नावं धम्मदीपनं गाण्याखाली आधीच देऊन टाकली होती. राहिला शेवटचा तुकडा. त्याखाली नुसतं ‘आपल्या गावचं’ एवढंच. तीन शब्द भराभर, चौथा लांब ताणलेला, पाचवा धाडकन आपटलेला, सगळं एका श्वासात. लोक त्याच तुकड्यावर फिदा होते. हर्षलनं हरियाणा पाहिलं, केरळ पाहिलं, पार आसामपर्यंत शोधलं. कुठंच सापडेना.

आठव्या दिवशी त्यानं धम्मदीपला स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

“शेवटचा तुकडा कोणाचा उचलला बे?”

धम्मदीपनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “मजाक करून राह्यला काय? तुले खरंच नाही समजलं?”

“नाव सांग.”

“चाल. अन् त्या बसच्या मागं उभा राह्य. त्याहीले दिसू नको.”

हर्षल बसच्या आडोशाला उभा राहिला. पलीकडे काळ्यापिवळ्या जीपा लागल्या होत्या. जीपांपुढे गळ्यात रुमाल टाकलेला एक माणूस प्रवासी बोलावत होता.

“सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, किनगाऽऽऽव, शिंदखेड!”

तीन भराभर. चौथं ताणलेलं. पाचवं धाडकन. ते हर्षलचे बाबा होते, गणेशराव.

“महिनाभर रोज सकाळी येऊन बसलो काकांपाशी,” धम्मदीप म्हणाला. “दम कसा पुरवायचा ते हात धरून शिकवलं त्याहीनं मले.”

हात धरून! हर्षल परत जळायला लागला. या वेळी स्पर्धेसाठी नव्हे. तो बसच्या मागून तडक बाहेर आला.

“दुसरबीड, किनगा...” पोराला बघताच गणेशरावांचा आवाज तोंडातच थांबला. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि जीपच्या टपावरचं गाठोडं उगाचच सरकवलं.

“बाबा,” हर्षल म्हणाला, “हे त्याले शिकवलं. मले कधी ऐकूही नाही दिलं. काऊन?”

गणेशराव खाली बघत म्हणाले, “तूच तं म्हणलं होतं ना बाबू, कॉलेजात गेला तवा. ‘मी दिसलो का वरडत नोका जाऊ’ म्हणून.”