बिब्ब्याचा डाग

दुसऱ्या छेदापाशी डॉक्टर पितांबर सोनवणे यांचा हात थांबला. कुत्रीच्या छातीवरची ती गाठ वरून कातडीतलीच वाटली होती. बोटाने ढकलली की जी सरकते ती अलगद सुटून येते, हा त्यांचा अनुभव होता. परंतु हिच्यावरची कातडी जळून निबर झाली होती. बोटाला थांग लागला नव्हता. आता उघडल्यावर दिसले. गाठीची मुळे बरगड्यांना भिडली होती.

अमळनेरच्या त्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर रजेवर होता. भूलही अर्धवटच होती. म्हणून मालकीण द्रौपदाबाईनेच कुत्रीचे डोके धरले होते, तेही एका हाताने. डावा हात ती आल्यापासून पदराआड होता.

"दोन्ही हातांनी धरा, अक्का. जनावर आहे, कणकेचा गोळा नव्हे."

तिने डावा हात बाहेर काढला आणि ती ओणवली. टेबलाची कड छातीला लागताच तिने ओठ दाताखाली दाबला.

"पडी ऱ्हाय, चंपे," ती कुत्रीला म्हणाली.

"ही कातडी कशाने जळाली?"

"बिब्बा लावा व्हता, भाऊ. गाठ जिरी जाई, आसं बठ्ठा सांगतस."

"बठ्ठा! त्या सगळ्यांतल्या एकाने तरी आत डोकावून पाहिले आहे का? बिब्बा कातडी जाळतो, गाठ खाली वाढतच राहते. वर डाग धरला की माणूस समजतो, गुण आला. कधी लावलात?"

"होळीले."

"आता दिवाळी आली. हा कर्करोग आहे, अक्का. तेव्हाच आणली असती, तर मुळासकट काढली असती. वाचली असती."

"आन आते?"

डॉक्टरांना मोघम उत्तरे देण्याचा तिटकारा होता. "आता कापण्यात अर्थ नाही. आधी धाप लागेल, मग अन्न सुटेल. संक्रांत काही तिला दिसणार नाही."

द्रौपदाबाईने वाद घातला नाही. ती रडलीही नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग जिनिंगकडे सरकत होती. ती तिकडे पाहत राहिली.

"फार तरास व्हई का, भाऊ?"

"हिला होऊ देणार नाही. एक सुई देतो. झोपेतच सुटेल."

त्यांनी स्टोव्हवरच्या भांड्यातून उकळलेली सुई उचलली आणि मान वर केली. द्रौपदाबाईचा डावा हात पुन्हा पदराआड गेला होता. छातीवर एकाच जागी तो काहीतरी चाचपीत होता.

"बिब्बा आम्हले दोन्हीस्ले एकच दिन लावा व्हता, भाऊ," ती म्हणाली.