छतावरचं तळं

मोहिनीने मान इतकी मागे टाकली की ओढणी खांद्यावरून घसरली. बॅटरीचा झोत छताच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला. डाग नाही, ओल नाही.

"आते तरी मान सरळ करा, मॅडम," ठेकेदार गुलाबसिंग म्हणाला. "वर तळं भरेल शे, खाले एक थेंब बी नई."

धडगावच्या मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या गच्चीवर काल सकाळीच बांध घालून पाणी भरलं होतं. छत गळतं का, हे बघायची ही जुनी रीत. गळालं असतं तर इमारत कोणी ताब्यात घेतली नसती, आणि शाळा उघडली तरी मुली जुन्याच वसतिगृहात राहिल्या असत्या. तिथे पावसाळ्यात अंथरुणांपेक्षा पातेलीच जास्त मांडावी लागत.

मोहिनीच्या जिवाला आणखी एक घोर होता. हे काम तिने नव्या पद्धतीने मांडलं होतं. संगणकावर अख्खी इमारत उभी केलेली, आणि तिच्या प्रत्येक भागाला त्याचं त्याचं स्पेसिफिकेशन जोडलेलं. टॅबलेटवर खांबाला बोट लावलं की त्याची पाटी उघडायची: सिमेंट किती, सळई कोणती, पाणी किती दिवस मारायचं, सगळं हजर. कागदांचं बाड उलगडत बसायला नको.

शहाद्याच्या ऑफिसातले हेमकांत सर सहजी तयार झाले नव्हते. "कागदावर चूक असली तर वाचताना कोणीतरी धरतो," ते म्हणाले होते. "इथं तू जोडशील तेच बांधलं जाईल. आणि याच ठेक्यात पाण्याची उंच टाकीही आहे. छत चुकलं तर पातेली मांडता येतात, मोहिनी. टाकी चुकली तर पळायलाही वेळ मिळत नाही."

तिने दातओठ खाऊन, चहालाही न उठता, एकाच बैठकीत दोन्ही कामांची स्पेसिफिकेशनं जोडून टाकली होती. सरांना करून दाखवायचंच होतं तिला.

गुलाबसिंगने सुरुवातीला कुरकुर केली होती. "छतले इतलं सिमेंट काबर? वर पहाड ठेवना शे का?" मोहिनीने टॅबलेट त्याच्या नाकासमोर धरला होता. यात आहे तेच होणार! मग तोही हट्टाला पेटला आणि टॅबलेटवर लिहिलेल्यापासून तसूभरही इकडेतिकडे झाला नाही. घाटाखालच्या गावात टाकीवर त्याचा धाकटा भाऊ नवलसिंग होता. तोही टॅबलेट बघूनच काम करायचा, आणि त्याची मात्र काहीच तक्रार आली नव्हती. टाकी कधी उभी राहिली ते कळलंही नाही.

दारातून धनुबाई आत आली. जुन्या वसतिगृहाची ही स्वयंपाकीण. तिने वर पाहिलं, मग भिंतीला तळहात लावून पाहिला, मग पुन्हा वर पाहिलं.

"ताई, खरंच नाही गळत?"

"नाही गळत, धनुबाई."

"म्हणजे पातेली आता चुलीवरच राहतील," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत चहा टाकायला गेली.

मोहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने तिथूनच सरांना फोन लावला. "शाबास!" सर म्हणाले. कौतुकाच्या बाबतीत हा माणूस एरवी महाकंजूष. "यापुढची सगळी कामं तुझ्याच पद्धतीने करू." गुलाबसिंग समोर नसता तर तिने तिथेच एक गिरकी घेतली असती.

चाचणीची नोंद करायला तिने टॅबलेट उघडला आणि छतावर बोट ठेवलं. पाटी उघडली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खो खो हसत सुटली.

"काय व्हयनं?" गुलाबसिंग दचकला.

"बापू, तुमीच खरे व्हतात. ह्या छतले टाकीनं काँक्रीट पडी गयं. जोडताना मन्हीच चूक व्हयनी."

गुलाबसिंग पोट धरून हसला. "म्हनीसन तं वर तळं बठेल शे! ऱ्हाऊ द्या मॅडम, पोरीसना आशीर्वाद लागी."

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे त्याने छप्पर घट्ट करून दिलं होतं. चूक झाली, पण तीही भल्याच्या बाजूने. सरांना उद्या सांगू. रागावतील थोडे, मग हसतील. एवढे दिवस छातीवर बसलेला धोंडा असा हसता हसता उतरेल, असं मोहिनीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. धनुबाईने गुळाचा चहा आणला. इतका चांगला चहा आपण कधीच प्यायलो नाही, असं मोहिनीला वाटलं.

गुलाबसिंगचा फोन वाजला. नवलसिंग होता. मागे ढोल इतका कडकडत होता की गुलाबसिंगने आवाज मोठा करून फोन मध्ये धरला.

"दादा, टाकी भरी गयी! पार काठलगुन!"

"आरे, ती तं परवा भरनी व्हती ना? मॅडमसना समोर?"

"गाव आयकस का? सरपंचनीच मोटर चालू करी दिन्ही. बठ्ठं गाव टाकीखाले शे. बाया कळश्या लई उन्यात, पोरे नाची ऱ्हायनात, आते आरती लागी. मॅडमले सांग, त्यासना पेढा राखी ठेवस."

गुलाबसिंगने कौतुकाने मोहिनीकडे पाहिलं. तिचा कप ओठांपाशी थांबला होता. तिने तो खाली ठेवला, टॅबलेट पुढे ओढला आणि टाकीच्या तळावर बोट ठेवलं.

पाटी उघडली: 'वसतिगृह, गच्चीचं छत.'