यहोरामचा अध्याय

लॉकडाऊनमध्ये ब्लॅकटाउन उपनगरातल्या शमुवेलरावांची घरची प्रार्थना झूमवर भरायची. दरारा तोच, वाचणाऱ्याखेरीज सगळ्यांचे माइक बंद, लाल रेघ मारलेले. आज पलीकडच्या केलीव्हिल उपनगरात राहणारी नात बायबल वाचत होती. यहोराम राजाने सख्ख्या भावांना मारलं, प्रजेला छळलं, आणि मेला तेव्हा कोणालाच हळहळ वाटली नाही. शमुवेलराव चपापले. आपण धाकट्या भावाला घराबाहेर काढल्याचं पोरीला कोणी सांगितलं? सून ओठ दाबून बसलेली, जावई उगाच छताकडे बघतोय. कुठेतरी पाणी मुरतंय. “हा अध्याय कोणी निवडला?” ते गरजले. “आजोबा, कालच्या पुढचाच चॅप्टर आहे. ओळीने वाचायचं तुम्हीच सांगितलंत ना?” ते ओशाळून हसले. “मी गेल्यावर तुम्ही रडाल ना रे?” म्हणत बटण दाबून त्यांनी सगळ्यांना माइक उघडायची मुभा दिली. एकाही माइकवरची लाल रेघ हटेना. नातीने हळूच आपलाही माइक बंद केला.