मुकादमाचा शेवटचा दिवस

राणीसावरगावचं काम पार पडलं, तर बन्सीधरला दोन लाख मिळणार होते आणि क्लबमध्ये आणखी एक वर्ष. छत्तिशीतल्या गुडघ्यांना एक वर्ष म्हणजे दोन लाखांहून मोठी गोष्ट. तरी तो आपल्या गावाहून, ताडकळसहून, आरामात नऊला निघाला आणि अकराला मल्हारच्या दारात मोटारसायकल लावली.

बन्सीधर क्लबच्या फुटबॉल संघाचा कप्तान, मल्हार बचावफळीतला. चार वर्षांपूर्वी परभणीच्या मैदानावरून मल्हारला पुण्याला नेलं ते बन्सीधरनंच. मल्हारच्या करारातलं अजून एक वर्ष बाकी होतं, महिना दोन लाख. पण क्लबचा प्रायोजक पळाला आणि सगळ्यांना नवे कागद आले: पगार चाळीस टक्के कमी. एकवीस जणांच्या सह्या नुसत्या फोनवर सांगून झाल्या. मल्हारला आईला विचारायचं होतं. त्याच्याकडे कप्तान स्वतः आला.

आई म्हणजे कासाबाई. अठरा हंगाम ऊस तोडलेली. हंगामाआधी मुकादमाकडून घ्यायच्या उचलीचा आकडा नवरा नाही, तीच ठरवायची.

"काकू, एक लाख वीस," बन्सीधर बाजेवर टेकत म्हणाला. "अन् आज शेवटचा दिवस हाय. पाचला देशभरच्या याद्या बंद होतात. नाव न्हाई गेलं तर यंदा कुठंच खेळता येत न्हाई."

कासाबाई हसली. "मुकादमाचा शेवटचा दिवस आमच्या दारात दर साली सात बारी यायचा. पंकजे, पाणी दे पाव्हण्याला."

"माय, याद्या खरंच बंद होतात," मल्हार म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "मागल्या साली दोनदा तारीख वाढली होती म्हणा."

"ऐकलं का रं बाबा?"

"तुमच्यापुढं मी काय बोलावं, काकू."

"अन् सही न्हाई केली म्हणून काढलं तर?" कासाबाईनं पोराला विचारलं.

"काढतील कसे?" मल्हार म्हणाला. "काढलं तर उरलेल्या वर्षाचे चोवीस लाख मोजावे लागतात."

त्याची बहीण पंकजा जुना करार घेऊन उंबऱ्यात बसली होती. "हाय तसं, नवव्या कलमात. सतरावं लय बारीक अक्षरात हाय. वाचू का?"

"बारीक मागनं वाच. आधी आकडा ठरू दे," कासाबाई म्हणाली.

बन्सीधरला हे पटलं असावं. त्यानं मान डोलावली.

कासाबाईनं एक लाख नव्वद सांगितले. बन्सीधरनं कपाळावर हात मारला, "घरात रेंज न्हाई, क्लबच्या साहेबाला विचारून येतो," म्हणत तिठ्यावरच्या चिंचेखाली गेला, फोन कानाला लावून येरझाऱ्या घातल्या आणि परत आला. "एक पंचवीस."

"बस मग. कोंबडं कापते." चुलीकडे जाताना तिनं मल्हारच्या कानात सांगितलं, "उपाशी मुकादम लवकर उठतो. जेवलेला आकडा वाढवतो."

तसंच झालं. बन्सीधरनं तीन भाकरी खाल्ल्या, रश्श्याची तारीफ केली, चिंचेखाली जाऊन आला आणि एक तीसवर आला. पुढच्या फेरीत एक पस्तीस.

"दादा, तुमचा साहेब पाच-पाच हजारानं वाढवायलाय," पंकजा म्हणाली. "कोथिंबीर घ्यायलाय का खेळाडू?"

बन्सीधर मनापासून हसला. मग विचारलं, "काकू, जरा पडू का?" आणि खरंच घोरू लागला.

मल्हारला राहवेना. "माय, ह्यो झोपलाय की."

"सोंग हाय. आमचा मुकादम बी असाच पडायचा. आपण 'उठा' म्हणलं की आकडा तिथंच थांबला."

कुणीच उठवलं नाही. बन्सीधर पावणेचारला आपणहून उठला, तोंड धुतलं, पुन्हा एकदा चिंचेखाली जाऊन आला. "एक चाळीस. ह्याच्या वर साहेब सरकत न्हाई."

साडेचारला चहा झाला आणि मल्हार उभा राहिला. "बास झालं. एक चाळीसवर करतो मी सही."

बन्सीधरनं कपबशी खाली ठेवली. "कर की. पेन हाय माझ्याकडं." तो एक खिसा चाचपत राहिला, मग दुसरा. "पण काकूंना विचारून कर बाबा. त्यांनी लय मुकादम बघितलेत."

कासाबाईनं पोराचं मनगट धरलं. "बघ, पेन काढायलाय. घाई त्याला हाय, तुला न्हाई. बस खाली."

मल्हार बसला.

मग सगळे उगीच बोलत बसले. पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाचं निघालं, पंकजाच्या परीक्षेचं निघालं. पाच वाजून दहा मिनिटांनी बन्सीधर उठला. "हरलो काकू. तुमच्यापुढं कोण टिकणार."

कासाबाईनं रीतीप्रमाणे त्याला टॉवेल-टोपी केली. "साहेबाला निरोप दे. एक लाख पंचाहत्तर. त्याच्याखाली अंगठा बी न्हाई उमटायचा."

"देतो की."

गाडी वळणाआड गेल्यावर ती मल्हारला म्हणाली, "आठ दिवसांत येतंय बघ परत. गेला तर एक कोंबडा गेला."

तिठ्यावर चिंचेखाली बन्सीधरनं गाडी थांबवली आणि सकाळपासून बंद ठेवलेला फोन चालू केला.

"साहेब, पाच वाजून गेले. यादी त्याच्या नावाबिगर गेली ना? हां. आपण कुठं काढलं त्याला, त्यानंच सही केली न्हाई. सतरावं कलम लावा, खेळाडूच्या सहीबिगर नाव राहिलं की करार रद्द. आता चोवीस लाखातला एक रुपया द्यायचा न्हाई."

त्यानं फोन खिशात टाकला आणि नवा टॉवेल गळ्याभोवती नीट घेतला. क्लबचे चोवीस वाचले होते, त्याचे दोन झाले होते. दिवसभराचा खर्च काय तो सगळा कासाबाईचा.