शेवटच्या पानावरचं उत्तर

"तीस," अख्खा वर्ग म्हणाला.

"सहा," ती म्हणाली.

वर्ग हसला. फळ्यावर बहिर्वक्र आरसा काढलेला होता. नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर, वस्तू दहावर, तर प्रतिमा किती अंतरावर? भौतिकशास्त्राच्या स्पर्धेला कोण जाणार ते या एका गणितावर ठरायचं होतं. या शाळेतून अजून कोणी गेलंच नव्हतं. दगडाला पाझर फुटेल, पण 'उणे सरां'ना कोणी पसंत पडणार नाही, असं मुलं म्हणत. चिन्ह चुकलं की सर सरळ शून्य देत, म्हणून हे नाव.

खरं तर बऱ्याच जणांचं आधी सहाच आलं होतं. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तीस दिसल्यावर एका अधिकचं गुपचूप उणे झालं आणि सगळं कसं छान जुळलं. शेजारणीने तिच्याकडेही खोडरबर सरकवला. तिने तो परत सरकवला.

सर तिच्या बाकाशी आले. ते तिचे वडील होते, पण शाळेच्या फाटकात शिरलं की 'बाबा' बंद. घरची म्हणून तिच्यावर त्यांची जरा जास्तच करडी नजर असायची.

"म्हणजे पुस्तक चुकलं आणि तू बरोबर?"

वर्षभर तिने या स्पर्धेचाच ध्यास घेतला होता. आत्ता 'माझंच चुकलं' म्हटलं तर निदान पुढच्या वर्षी तरी विचार होईल.

"हो, सर. या आरशात प्रतिमा नाभीपलीकडे जातच नाही. वस्तू कितीही लांब न्या, पंधराच्या आतच राहणार. उत्तर लिहिणाऱ्याने आरसा उलटा धरलाय, अंतर्वक्र समजून."

सरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "घरचीच ना!"

सर वळले. त्यांचा ऊर भरून आला होता आणि आज ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"खोडलेला सहा मला दिसतो, बाळांनो. पुस्तकामागची उत्तरं मी काढलीत. छापून आल्यावर चूक लक्षात आली. तेव्हापासून स्पर्धेसाठी दरवर्षी हेच गणित घालतोय." मग ते तिच्याकडे पाहून म्हणाले, "आरसा तुझ्या बाबांनीच उलटा धरला होता. तोंडावर सांगणारी आज भेटली."