पापड आणि मदरबोर्ड

विक्रांतचा कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. पंखे फिरले, जांभळे दिवे लागले, जळका वास कुठेही आला नाही. पण हे आपण वाचलंच नाही असं धरा. विक्रांतलाही तसंच धरायला आवडलं असतं.

तर, त्याआधी उल्हासनगरात धर्मेशच्या कॉम्प्युटर-पार्टच्या दुकानात तो उभा होता आणि हातात मदरबोर्ड होता. न बसणारा.

"अडे साईं," धर्मेश म्हणाला, "प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा. ही शादी होणारच नाही ना."

"हो का?" विक्रांतने खेदाने विचारलं. खेद व्यक्त करायची त्याला नोकरीमुळे सवय होती.

"पहले बैठ. पापड खा."

धर्मेशकडे कुणीही आलं की आधी भाजलेला पापड आणि पाणी, मग धंद्याची गोष्ट. सिंधी घरातली रीत त्याने दुकानातही चालू ठेवली होती. काउंटरमागे ग्राफिक्स कार्डांच्या खोक्यांना खेटून एक छोटी शेगडी होती, तिच्यावर पापड भाजला जायचा. पापड संपेपर्यंत गप्पा. धर्मेशच्या सासऱ्याचा गुडघा, मुलीचं इंग्लिश, समोरच्या दुकानदाराचा नवा विग. विक्रांत पापडाचे नखाएवढे तुकडे करून खायचा. इतक्या हळू पापड खाणारा माणूस धर्मेशने आख्ख्या धंद्यात पाहिला नव्हता.

गिऱ्हाईक म्हणून मात्र तो अगदीच ढ होता. आधी त्याने रॅम नेली ती जुन्या पिढीची, खाचेत शिरेना. मग ग्राफिक्स कार्ड नेलं ते इतकं लांब, की कॅबिनेटमध्ये मावायला त्याला गुडघे दुमडावे लागले असते. मग पॉवर सप्लाय, ज्याच्यावर फार तर झिरोचा बल्ब लागला असता. प्रत्येक वेळी बदलून घ्यायला बदलापूरहून यायचं. प्रत्येक वेळी पापड.

बदलापुरात, कात्रपच्या फ्लॅटवर, तो एकटाच होता. आई यशोधरा नागपूरला संध्याताईच्या बाळंतपणाला गेली होती. बाळ आता घरभर पळत होतं, पण बाळंतपण संपलं नव्हतं. आई व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन बाळाच्या तोंडापुढे धरायची. बाळ काही बोलायचं नाही. मग विक्रांतही काही बोलायचा नाही. नोकरी घरूनच होती: पाण्याच्या फिल्टरबद्दल लोक तक्रारी लिहीत आणि हा लेखी उत्तर देई, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' दिवसभरात मोठ्याने बोलायची वेळ एकदाच यायची, पार्सलवाल्याला ओटीपी सांगताना. चारच आकडे. विक्रांत ते सावकाश सांगायचा, मध्ये पॉज घेऊन.

त्या दिवशी धर्मेश शेगडीवर वाकलेला असताना एक कॉलेजातली मुलगी दुकानात शिरली. हातात मोबाइल, त्यावर निवडून ठेवलेले पार्ट.

"अंकल, हे सगळं एकमेकांना बसेल ना? मी जिज्ञासा, सकाळी फोन केलेला."

धर्मेशचं लक्ष पापडात होतं. विक्रांतने सहज मान वळवून तिच्या मोबाइलमध्ये पाहिलं.

"नाही बसणार," तो म्हणाला. "ही रॅम जुन्या पिढीची आहे, ह्या बोर्डाला नवी लागते. कार्ड लांब आहे, आधी कॅबिनेट मोज. पॉवर सप्लाय कमी पडेल, वरचा घे. आणि प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा... हे तर कुणीही सांगेल."

"थँक्यू दादा," जिज्ञासा म्हणाली.

दुकानात पापड जळल्याचा वास सुटला. धर्मेश चिमटा हातात धरून तसाच उभा होता.

"तुला सगळं येतं," तो म्हणाला. "मग माझ्याकडे इतके दिवस काय नाटक लावलंस? समोरच्या विगवाल्याने पाठवलं काय तुला?"

विक्रांतने बराच विचार केला.

"पापड चांगला असतो, धर्मेशभाई," तो म्हणाला.

धर्मेशने जळका पापड बाजूला ठेवला. हळूहळू त्याचा चेहरा निवळला. त्याला कळलं होतं. दुर्दैवाने, अर्धंच.

त्याने जिज्ञासाला उद्या यायला सांगितलं. शटर अर्धं ओढलं. एकेक बरोबर पार्ट काढला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि विक्रांतचा आख्खा कॉम्प्युटर स्वतः जोडून दिला. मग काउंटरखालून पापडांचं भलंमोठं पुडकं काढलं आणि खोक्यावर ठेवलं.

"ले. बायकोच्या हातचे आहेत. घरी भाज, पोटभर खा. आता एवढ्या लांब यायची काही गरजच नाही, बेटा."

एवढ्या मायेने विक्रांतशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

घरी आल्यावर मगाशी आपण जे वाचलं नव्हतं, ते घडलं. गेम उघडला. एक मोठं जंगल आलं, हरणं आली, झाडांवर ऊन आलं. वर एक चौकोन आला: मित्रांना बोलवा. यादी रिकामी होती. विक्रांतने गॅसवर पापड भाजला आणि दोन घासांत संपवला. सावकाश खायला काही कारणच नव्हतं.

मग त्याने मोबाइल घेऊन धर्मेशला मेसेज लिहायला घेतला. लोकांच्या तक्रारी वाचून वाचून त्याला आता दुसरी भाषा सुचत नव्हती.

'माननीय महोदय, आपल्या दुकानातून नेलेला कॉम्प्युटर व्यवस्थित चालत आहे. त्यामुळे अर्जदाराची अतोनात गैरसोय होत आहे. तरी सदर कॉम्प्युटरमध्ये योग्य तो बिघाड, शक्यतो एकदम न करता थोडाथोडा, करून मिळावा, ही नम्र विनंती.'